हरण्याचं ताट

गोरक्षला समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही, ही त्याच्या आईची, लंकाबाईची, तक्रार साऱ्या गावाला पाठ होती. वासरू सुटून न्हाणीत शिरलं तरी ह्याला पत्ता नसायचा. पाण्याचा टँकर वेशीत येऊन रिकामा होऊन गेला, तरी हा आपला गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढत उभा. "डोळे न्हाईत त्याला, गुंड्या शिवल्यात," ती म्हणायची. सकाळचं तर विचारूच नये. तिची झाडलोट उरकून चूल पेटली तरी हा पंचविशीतला बाप्या अंगणात बाजेवर, तोंडावर गोधडी घेऊन आडवा.

आज ती एस.टी.ने पाथर्डीहून नगरला आली होती, ती त्याला धरून न्यायलाच. तिच्या भावाने, पुंजारामने, साखर कारखान्यात शब्द टाकून फाटकावर राखणदाराची जागा मिळवली होती. उद्या सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याची. एकदा बारा तासांचं फाटक गळ्यात पडलं की कोळसा सुटेल आणि गेरूही, असा तिचा हिशेब. पुंजारामची चिठ्ठी कनवटीला होती. दुष्काळाचं दुसरं वर्ष, आणि हा दिवटा दोन दिवसांपासून चित्रांच्या प्रदर्शनात तळ ठोकून बसलेला!

शाळेचा मोठा हॉल होता. भिंतीभर चित्रं. फुलदाण्या, किल्ले, घाटावरची देवळं. लंकाबाईने वहाणा दाराशीच काढल्या. आतली माणसं बुटांनिशी फिरत होती, ते तिला पटलं नाही. टोकाच्या चित्रापाशी चार-पाच जण जमले होते आणि त्यांच्यात मान खाली घालून गोरक्ष. ती तरातरा गेली. चिठ्ठीसाठी कनवटीला हात घातला, आणि हात तिथंच राहिला.

समोर तिचा गोठा होता. कागदावरच, पण होता. पत्र्याच्या भोकातून पडणारा कवडसा होता. माना घासून गुळगुळीत झालेली मेढ होती. डाव्या अंगाला लाल्या उभा होता, एका शिंगाचं टोक मोडलेला. एवढा गोठा मोकळा, पण लाल्या आपल्या निम्म्यातच अंग चोरून उभा होता. उजव्या निम्म्यात नुसती गव्हाण होती, जनावर काढलेलंच नव्हतं. लंकाबाईला मात्र तिथं हरण्या दिसला. त्याचं वशिंड दिसलं. माशीवर कान झटकताना दिसला. न काढलेलं दिसावं, ही कसली करणी? हात आपोआप जोडले जात होते, ते तिने कसेबसे आवरले.

चित्राखाली नावाचा कागद होता. दुसरीपर्यंत शाळा पाहिलेल्या लंकाबाईने अक्षरांवर बोट फिरवलं. जो. डी.

"हात चांगला आहे," पुण्याहून आलेले परीक्षक गोरक्षला सांगत होते, "पण निरीक्षण कच्चं. नाव जोडी आणि बैल एक. ते एक वेळ चालवून घेऊ. पण ह्या रिकाम्या गव्हाणीत कडब्याच्या दोन काड्या कशा? जनावर नाही, तर वैरण कुणाला? तीही असल्या दुष्काळात? अशी चूक असली की नंबर देता येत नाही. का काढल्यात, सांगा ना."

लंकाबाईने आता कुठं गव्हाणीत पाहिलं.

माघात हरण्या मेला तेव्हा आळी रडली होती. ती रडली नव्हती. "जनावर हुतं, गेलं. एक तोंड कमी झालं," असं चारचौघांत बोलून मोकळी झाली होती. कडब्याचं एक पान सांडलं तरी थोरल्या सुनेचा उद्धार करायची. आणि रोज तांबडं फुटायच्या आत हरण्याच्या गव्हाणीत कडब्याची दोन ताटं ठेवून, मेढीला हात लावून उभी राहायची. मग कुणी उठायच्या आत तीच ताटं लाल्यापुढं सारायची. हे कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. बघायला होतंच कोण? अंगणात तो एक कुंभकर्ण, तोंडावर गोधडी घेतलेला.

गोरक्षने एकवार आईकडं पाहिलं.

"चुकलं असंल, साहेब," तो म्हणाला.

हातचा नंबर चालला होता, पण पोरगा आईचं गुपित चारचौघांत उघडं पाडत नव्हता.

लंकाबाईने पदर खोचला.

"चुकलं न्हाई त्ये!" तिचा आवाज साऱ्या हॉलभर गेला. "आन काड्या म्हनू नका. ताट म्हंत्यात त्याला. गेलेल्याचं ताट वाढत्यात का न्हाई तुमच्यात? त्ये आमच्या हरण्याचं ताट हाय. म्या वाढते. रोज."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ते चित्राच्या अगदी जवळ गेले आणि त्या दोन ताटांपाशी कितीतरी वेळ थांबले. मागच्या बाईने पायातली चप्पल हळूच काढून बाजूला सारली.

"आये," गोरक्ष पुटपुटला.

"आये काय? गोधडीला कुठं भोक पाडलंयस, त्ये सांग आधी."

तो हसू दाबत पायांकडं बघू लागला. मग त्याचं हसू मावळलं. "मामाची चिठ्ठी आनली असशील. उद्या किती वाजता जायचं कारखान्यावर?"

लंकाबाईने कनवटीला हात लावला. चिठ्ठी होती तशीच आत आणखी खोल सारली. आणि त्याच्याकडं न बघता, चित्राकडं बघत म्हणाली,

"तुला लई दिसतं, मेल्या. फाटकावर बसायला आंधळा बी चालंल."