दोन फूट माती

महापालिकेकडून तपासणीला आलेल्या बाईंनी पिशवीतून लोखंडी सळई काढली आणि आर्किटेक्टची नजर हिरवळीकडे गेली.

सळईला दोन फुटांवर लाल खूण होती. नव्या सोसायटीतली बाग खरी की नुसती दाखवायची, हे या बाई सळई खुपसून बघत. खुणेपर्यंत गेली तर बाग पास, नाहीतर इमारतीला राहण्याचा दाखला नाही. 'काम नकाशाप्रमाणे झाले आहे' या कागदावर सही आर्किटेक्टची होती. ती तिनं जागेवर न येता, ऑफिसात बसून ठोकली होती. आणि अर्ध्या तासापूर्वी साइटच्या मॅनेजरनं फाटकाशीच तिला आनंदाची बातमी दिली होती.

"खाली काँक्रीट ओतून घेतलंय. वर चार बोटं माती आणि गवत. दाखला मिळाला की गवत खरवडायचं. बावीस गाड्या आरामात लागतील."

"आणि दोनशे घरांतली पोरं खेळणार कुठे? लिफ्टमध्ये?"

"लोक फ्लॅट घेतात, मॅडम. गवत कोण विकत घेतं?"

आता तोच मॅनेजर घाईघाईनं पुढे झाला. "बाई, आधी चहा घेऊ."

"चहा कुठे पळून जात नाही," बाई म्हणाल्या आणि हिरवळीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

आर्किटेक्टनं मनात हिशेब केला. लायसन्स जाणार, अब्रू जाणार, आणि चूक कुणाची म्हणावी तर आपलीच. निदान आपल्या तोंडानं सांगून टाकावं. ती पुढे झाली. "बाई, मला एक सांगायचंय..."

"आधी काम," म्हणत बाईंनी सळईवर भार दिला.

सळई आत गेली. सुरी लोण्यात जावी तशी, थेट लाल खुणेपर्यंत. बाईंनी ती उपसली आणि कोपऱ्यात खुपसली, मग दुसऱ्या कोपऱ्यात. दरवेळी ओली काळी माती लागून वर आली. मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण गडी पोचलेला. "आम्ही नियम सोडून चालतच नाही," तो म्हणाला.

बाईंनी कागदावर सही केली. निघताना त्या आर्किटेक्टकडे वळल्या. "तुम्ही काय सांगत होतात?"

"हेच, की मी इथं आज पहिल्यांदा आले. यापुढे आधी बघेन, मग सही करेन."

"करत जा," बाई म्हणाल्या.

मॅनेजर त्यांना सोडायला गाडीपर्यंत गेला. आर्किटेक्ट तडक मजुरांकडून काम करून घेणाऱ्या मुकादमाकडे गेली. म्हातारा नळापाशी पाण्याचा पाइप गुंडाळत होता. तिनं विचारलं, त्यानं ऐकू येत नसल्यासारखा कानामागे तळहात धरला. शेवटी तिनं ओरडून विचारलं, "इथं काँक्रीट ओतायला सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं असेल. चाळीस वर्षं मिक्सरशेजारी काढली, कान गेलेत. तोंडी सांगितलेलं कळत नाही. म्हटलं, कागदावर लिहून द्या. तीनदा म्हटलं. नाही दिलं साहेबांनी लिहून."

"मग ते काँक्रीट?"

"कंपाउंडच्या भिंतीच्या पायात घातलं. नकाशात तेच होतं."

ती तिथंच हिरवळीवर बसली आणि एकटीच हसत सुटली. मुकादम पाठमोरा होऊन पुन्हा पाइपला लागला होता. शेजारच्या इमारतीत मिक्सर खडखडत होता.

"देवासारखे धावून आलात," ती स्वतःशीच पुटपुटली.

"देवबिव काही नाही, मॅडम," मागे न बघता मुकादम म्हणाला. "तेवढं गवतावरून उठा. अजून मूळ धरलेलं नाही त्यानं."