गुडघ्याखालून गेलेला चेंडू

व्हर्नाने सख्ख्या बापाला मैदानाबाहेर काढलं आणि ती अंपायरची परीक्षा पास झाली. पण हे तुम्ही अजून वाचलेलंच नाही असं समजा. आत्ता कुठे सकाळचे नऊ वाजलेत, नेब्रास्काचा गार वारा कानात शिरतोय आणि हौशी बेसबॉल अंपायरांच्या शिबिरात व्हर्ना फलंदाजाच्या प्लेटमागे वाकून उभी आहे.

गेली दोन वर्षं ती एकाच कारणाने नापास होत होती. निर्णय अचूक द्यायची आणि लगेच 'सॉरी' म्हणायची. वाचनालयातली नोकरी, आवाज चढवायची सवयच नाही. यंदाही गचकली, तर पुन्हा धावफलकाच्या पाट्या बदलत बसायचं होतं.

"आज चेंडू नाही," शिकवणारे आणि परीक्षा घेणारे ग्रेडी म्हणाले. "चेंडू असला की सगळे चेंडूकडेच बघतात. माझं कोणी ऐकत नाही."

पिचरने रिकामा हात भिरकावला. कॅचरने रिकाम्या ग्लोव्हवर थाप मारली.

"स्ट्राइक!" व्हर्ना ओरडली, म्हणजे चेंडू गुडघा ते छातीच्या मधून, नियमात गेला. 'सॉरी' ओठांपर्यंत आलं होतं, ते तिने गिळलं.

"खाली होता!" जाळीपलीकडून आवाज आला. तिला गाडीने सोडायला आलेले तिचे वडील, ऑर्विल. तीस वर्षं ते पोरांच्या संघाचे कोच होते आणि तीस वर्षं अंपायर चुकत होते.

"डॅडी, चेंडूच नाहीये."

"नाहीये म्हणून काय कुठूनही जाईल? गुडघ्याखालून गेला!"

"थोडा खालीच होता खरं तर," कॅचर पुटपुटला.

ग्रेडींनी वहीवर पेन टेकवलं आणि वाट बघत राहिले.

"सर, शांत बसा," व्हर्ना म्हणाली.

"सर? अगं, तुला सायकल मी शिकवली!"

"आणखी एक शब्द बोललात तर बाहेर."

"आंधळी झालीस का गं पोरी?"

व्हर्नाचा हात वर गेला आणि थेट गाड्यांच्या दिशेने ताठ झाला. "बाहेर!"

पलीकडच्या शेतातले कावळे उडाले.  ऑर्विल थर्मास उचलून निघाले आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगू लागले, "आवाज ऐकलास? माझी पोरगी आहे ती! मलाच हाकललंय!"

सोमवारी अंपायर संघटनेला त्यांचा अर्ज मिळाला: 'सदर चेंडू गुडघ्याखालून गेला असल्याने निर्णय फिरवण्यात यावा. तसेच सुनावणी होईपर्यंत सदर चेंडू संघटनेने सीलबंद करून ताब्यात ठेवावा, ही नम्र विनंती.'