पूजाचा नंबर

“नाव काय टाकू, बाबा?” मोबाईलच्या दुकानातल्या छायानं विचारलं.

भिकाची जीभ रेटेना. तीन वर्षं ते नाव त्यानं तोंडातून काढलं नव्हतं. पेठजवळच्या पाड्यावर त्यानं लेकीच्या नावानं आंघोळ केली होती, तीही भर अंगणात, चार माणसांना साक्षीला बसवून! का, तर पोरीनं आपल्या मनानं लग्न केलं. “या घरात परत तिचं नाव निघालं तर माझं मेलेलं तोंड बघाल,” असं त्यानं बजावलं. बायको वत्सलाबाई गप्प राहिली, पोरगा सुनील गप्प राहिला. आपला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं भिका समजून चालला.

“पूजा,” तो एकदाचा म्हणाला आणि तंबाखूच्या डबीतली नंबराची चिठ्ठी त्यानं पुढं केली.

गावाजवळ फोन घेतला असता तर बोभाटा झाला असता, म्हणून तो थेट नाशिकला आला होता. दिवसही बघून निवडलेला. सोमवारी वत्सलाबाई त्र्यंबकला दर्शनाला जायची, ती दिवेलागणीला परतायची. येताना चेहरा असा उजळलेला, की देव खरंच भेटला असावा! सुनीलला पिंपळगावात द्राक्षांच्या हंगामात सुट्टी नव्हती. घरी विचारणारं कुणी नव्हतं.

छायानं जुनं सिम नव्या फोनमध्ये घातलं, नेट चालू केलं, व्हॉट्सअ‍ॅप टाकलं.

“मेसेज करू तिला?”

“नको गं बाई! बोलायचं नाय. नुसतं बघायचं हाय. लोक फोटो टाकतात ना, स्टेटस का काय ते.”

“दिसेल. पण तिच्या फोनमध्ये तुमचा नंबर असला तरच. काढून टाकला असेल तर नाही दिसणार.”

भिका पुढं वाकला. “बघ तरी.”

पूजाच्या नावापुढं नुसता करडा गोल आला. ना फोटो, ना स्टेटस.

“पुसला तिनं,” भिका म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. “मीच तोडलं. ती कशाला ठेवंल?”

तो उठलाच. छायालाही वाईट वाटलं.

“थांबा बाबा, एक स्टेटस आलंय. ‘घर’ म्हणून कुणाचा नंबर आहे?”

“आमच्या हिचा. पोरानं मोबाईल घेऊन दिलाय, त्याच्यावर भजनं ऐकती. तिला कुठं येतंय फोटो टाकायला!”

छायानं हिरव्या गोलावर बोट ठेवलं आणि फोन त्याच्यापुढं धरला.

कुठल्याशा घराच्या ओट्यावर फुगे लावले होते. मधोमध वत्सलाबाई, मांडीवर वर्षाचं बाळ. तिच्या खांद्याला धरून पूजा हसत होती. शेजारी केक कापायची सुरी घेऊन सुनील. मागं आंघोळीला साक्षीला बसलेली ती चारही माणसं, डोक्यावर कागदी टोप्या घालून.

खाली लिहिलं होतं, “आज सगळं घर एकत्र.”