इंजिन बंद झाल्यावरची शिट्टी

"त्या पिशवीत काय आहे?" दादाने विचारलं.

"आहे काहीतरी. नंतर दाखवतो," धाकटा म्हणाला आणि जड पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिला.

"मला काही दाखवू नकोस. नातं घरी. इथे नुसता चहाचा कप पुढे केलास तरी मी त्याला लाच म्हणेन."

"ओरडू नकोस, दादा. मी शेजारीच बसलोय."

"मी ओरडत नाहीये!" दादा म्हणाला, आणि काचेपलीकडच्या खोलीत इंजिनापाशी उभा असलेला फोरमन दचकून वळला.

मॅनेजर टेबलावरचा पेन्सिलीचा डबा उगाच सरळ करत होते. दोन भावांच्या भांडणात तिसऱ्याने काय करायचं असतं, हे त्यांच्या प्रशिक्षणात आलेलं नव्हतं.

कारखान्यात दादाला सगळे 'कान' म्हणत. तोंडावर म्हणत, कारण त्याला ते आवडायचं. यंत्रांनी पास केलेलं इंजिन शेवटी त्याच्यापुढे यायचं, आणि तो मान हलवेल तरच गाडीत बसायचं. इंजिनं दोन प्रकारची बनत, साधं आणि टर्बोचं, म्हणजे जादा हवा कोंबणारी चक्री बाहेरून जोडलेलं. साध्याची कटकट नव्हती. टर्बोचं पेट्रोल इंजिन मात्र जाहिरातीतला हिरो. बाराशे सीसी, तीन सिलिंडर आणि ताकदीचा रुबाब दुप्पट आकाराच्या इंजिनाचा. हिरोचे आजार सगळे म्हाताऱ्याचे. तेल वेळेवर बदललं नाही की काजळी धरते, नळी तुंबते, सील गळतं, मागून निळा धूर निघतो आणि गिऱ्हाईक कारखान्याच्या नावाने बोटं मोडतं. या सगळ्याच्या आधी बेअरिंग झिजतं आणि बारीक शिट्टी घालतं. टर्बोचं चाक मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे मारतं. तिथे केसाएवढा खेळ चालत नाही.

चालू इंजिनाच्या गोंगाटात ही शिट्टी सापडत नाही. म्हणून दादाची पद्धत वेगळी होती. इंजिन तापवायचं, रेस करायचं आणि एकदम बंद करायचं. टर्बो आपल्याच वेगात काही क्षण फिरत राहतो. त्या शांततेत ऐकायचं, भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून. "थोबाड बघून निकाल द्यायला मी काय फोटोग्राफर आहे?" तो म्हणायचा. कानात बोळे घालायचा नियम त्याने उभ्या नोकरीत पाळला नव्हता. बोळे घालून ऐकायचं म्हणजे हातमोजे घालून नाडी बघायची.

टर्बो धाकट्याच्या वर्कशॉपमधून यायचे. गेल्या हिवाळ्यापासून दादा ते एकामागून एक नापास करत होता. मीटरवर काही दिसत नव्हतं. "मीटर काय, विकत घेणाऱ्याचंच गाणं गातं," दादाचं उत्तर. चाचणी विभागातली नवी इंजिनिअर मुलगी म्हणाली, "सर, मला नाही ऐकू आलं." तिची रवानगी गोदामात झाली.

धाकट्याने स्वस्तातली बेअरिंग वापरली, सख्ख्या भावाच्या जिवावर वापरली, हा राग दादाला पोखरत होता. त्याची झोप उडाली होती. घर शांत झालं की राग नुसता कानात घुमायचा. भर थंडीत पंखा लावल्याशिवाय डोळा लागत नसे. बायको अंथरूण उचलून बाहेरच्या खोलीत गेली होती. टीव्हीच्या आवाजावरून शेजारी दोनदा येऊन गेले होते. दादाच्या मते शेजारीही धाकट्याला सामील होते.

आज शेवटची चाचणी होती. आज नापास तर करार रद्द. वर्कशॉपला कुलूप, कामगार रस्त्यावर आणि वडिलांचा लेथ भंगारात. धाकट्याची एकच अट होती, की इंजिन तो निवडणार आणि स्वतःच्या हाताने लावणार. मॅनेजरांनी ती मान्य केली होती.

"निवड की!" दादा म्हणाला होता. "घासूनपुसून आण, पावडर लावून आण. मी बघणारच नाहीये."

त्याप्रमाणे तो आता उठला, आतल्या खोलीत गेला आणि भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून उभा राहिला. मॅनेजर आणि धाकटा दारात थांबले. धाकट्याने पिशवी खाली ठेवली नाही.

फोरमनने इंजिन चालू केलं. तापवलं. रेस केलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. मग त्याने बटण दाबलं आणि सगळं गप्प झालं.

दादाचा जबडा आवळला.

"हीच. ऐका! अजून वाजतेय, थांबायचं नाव नाही. ऐकू येतंय ना, साहेब?"

मॅनेजरांनी फोरमनकडे पाहिलं.

"नापास!" दादा गर्रकन वळला. त्याने इंजिनाकडे पाहिलंही नाही, थेट धाकट्यासमोर जाऊन उभा राहिला. "लाज नाही वाटत? वडिलांच्या लेथवर हा कचरा बनवतोस! एखाद्याचं कुटुंब घाटात बंद पडेल तेव्हा त्यांना काय सांगू, माझा भाऊ आहे म्हणून सोडून दिलं? हाच आवाज सगळ्यांमध्ये होता. तुझ्या प्रत्येक टर्बोत, अगदी हाच! घाल आता कुलूप. तुझ्या पोरांना सांग, काकाने घातलं म्हणून."

धाकट्याचा चेहरा लाल झाला होता. त्याने पिशवीची गाठ सोडली आणि आतली वस्तू काढून बाकावर ठेवली. शंखासारखी, वाटोळी, लोखंडी, तेलाचा डागही नसलेली.

"दादा, आत साधं इंजिन लावलंय," तो म्हणाला. "टर्बो सकाळपासून माझ्या मांडीवर आहे."