बाबुलालचा पासवर्ड

नव्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक चौकट उघडली आणि त्या चौकटीत जुना कॉम्प्युटर जागा झाला. तोच निळा पडदा, तेच नाव: बाबुलाल. खाली पासवर्डची रिकामी जागा.

यंत्र कधीच भंगारात गेलं होतं. पण आरमोरीत कॉम्प्युटर सेंटर चालवणाऱ्या भूपेशनं त्याच्या डिस्कची हुबेहूब नक्कल आपल्या नव्या कॉम्प्युटरात उतरवून घेतली होती. आत बाबुलालच्या आवाजाची एक फाईल होती. त्याच्या पासवर्डाशिवाय ती उघडत नव्हती.

बाबुलालच्या मुलीची, आचलची, उद्या हळद होती. ती लहान असतानाच बाप गेला होता; त्याचा आवाज तिला आता नीट आठवत नव्हता. अंगाला हळद लागण्याआधी तो एकदा ऐकायचा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

भूपेशनं आचलचं नाव घालून पाहिलं. मग गावाचं, तलावाचं, मच्छीमार सोसायटीचं. काहीच लागलं नाही. तो मागे बसलेल्या मावशीकडे, आचलच्या आईकडे, वळला.

"मावशी, तुले मालूम आहे का?"

"आहे," गोकुळा म्हणाली. "पर सांगत नाई."

"काऊन?"

"ते मले ज्या नावानं हाक मारत, तेच आहे. घरात कोणी नसलं म्हंजे."

आचल हसली. आता या वयात कसली लाज, म्हणाली. भूपेशनंही समजावून पाहिलं. गोकुळा ऐकेना. नवऱ्याचं नाव तिनं आजवर तोंडातून काढलं नव्हतं. त्यानं ठेवलेलं नाव तर तिच्या सासूनंही कधी ऐकलं नव्हतं. आचलचं हसू थांबलं. ती नुसती त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली.

मग गोकुळा उठली. दोघांना तिनं भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

इंग्रजी अक्षरं तिला येत नव्हती. पण बाबुलाल रोज तिचं बोट धरून एकेक बटण दाबवून घ्यायचा. बोटाला जागा ठाऊक होत्या. पहिल्यांदा चुकली. पुन्हा सावकाश दाबत गेली. प्रत्येक बटणाला पडद्यावर अक्षराच्या जागी एक चांदणी उमटली.

"पाहा आता."

भूपेशनं फाईल लावली. आधी खरखर झाली. मग कोणी खोकललं. मग मासळीच्या लिलावात कमावलेला तो मोठा आवाज खोलीभर झाला. "आचल, भात खाल्ला का वो? नाई खाशीन तं तुये झिंगे मांजरीले देतो." मागून एक बारीक पोर चिडून किंचाळली.

आचलनं पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

निघताना भूपेश म्हणाला की मावशीनं पासवर्ड सांगून ठेवावा, पुढंमागं कामी येईल.

"तुयी मशीन त्याच्यावर चांदण्या पांघरते," गोकुळा म्हणाली, "अन् तू मले उघडं कराले सांगून राह्यला."