जुळ्याची तब्येत

“पेसमेकर तुम्हाला बसवता येणार नाही,” डॉक्टर शहाणे म्हणाल्या. “तुमच्या जुळ्याला त्याची गरज उरलेली नाही.”

केळुसकरांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या हृदयाच्या दोन बाजू एकमेकींशी अबोला धरल्यासारख्या वेगवेगळ्या धडधडत, आणि जिना चढताना जीव अर्धा होई. दोघींना एका तालावर आणणारा पेसमेकर हवा, तर तो आधी त्यांच्याच हृदयावरून संगणकात बनवलेल्या जुळ्या हृदयाला बसवून बघायचा नियम आला होता. पडद्यावरचं ते हृदय मात्र पेसमेकरविनाच मजेत चाललं होतं.

“पण हा मेला सुधारला कसा?” केळुसकर वैतागले.

“औषधं वेळेवर, लोणचं-पापड बंद, रोज फिरणं. तुम्ही सांगितलंत, तसंच त्याला ठेवलं.”

केळुसकरांनी शेजारी बसलेल्या बायकोकडे, कुमुदताईंकडे, चोरून पाहिलं. पण जिवाशी गाठ होती.

“मी... त्यातलं काहीच करत नाही, डॉक्टर. आता तरी बसवाल ना?”

“आता तर मुळीच नाही. आधी त्याच्यासारखं वागून बघा. तरीही सुधारणा झाली नाही, तर बसवू.”

“ते होईल,” कुमुदताई शांतपणे म्हणाल्या. “अहो, बरणी कुठे लपवलीय, तेवढं सांगा.”