चित्रातले हात

“हीच! हीच आमची झेली!” आई एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की दालनातल्या निम्म्या माना वळल्या.

पॅरिसच्या त्या बड्या चित्रप्रदर्शनात रविवारी फुकट सोडत, म्हणून मायलेकी आल्या होत्या. एरवी दोघी सेन नदीवर लोकांचे कपडे धुणाऱ्या. चित्रात विहिरीच्या काठाला एक अनवाणी मुलगी बसली होती, गालाला हात लावून, कुठल्याशा विचारात हरवलेली. नाक, डोळे, हनुवटी, सगळी हुबेहूब झेलीच. दोन महिने ती चित्रकारापुढे बसली होती आणि दोन महिने आईनं अख्ख्या घाटाला ऐकवलं होतं.

दांडीचा चष्मा डोळ्यांशी धरून एक बाई पुढे आली. तिनं चित्र पाहिलं, झेलीचा चेहरा पाहिला. मग तिची नजर खाली घसरली.

“अगंबाई, आणि हे हात?”

झेलीचे हात सोड्यानं सोललेले, लालबुंद, सुजलेले होते. चित्रातले होते लोण्यासारखे. चित्रकारानं ते दुसऱ्याच मुलीचे घेतले होते. तेवढं झेलीनं आईला सांगितलं नव्हतं.

“चित्र काढून झाल्यावर उकडले असतील!” बाईचा नवरा म्हणाला. भोवतीचे खो-खो हसले.

झेलीनं हात शालीखाली ओढून घेतले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

“मी नव्हे ती, बाईसाहेब,” ती म्हणाली. “आमच्या आईचं काय ऐकता? तिला काहीही वाटतं.”

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग टोपीची नाडी सारखी करत ती बाईकडे वळली.

“माफ करा हं. नजर अधू झालीय माझी. खरंच, कुठे ही आणि कुठे आमची पोर!”

“होतं असं म्हातारपणी,” म्हणत बाई पुढच्या चित्राकडे गेली.

नजर अधू! परवाच आईनं चाळीस चादरींतून वाइनचा मुगाएवढा डाग हुडकून काढला होता. झेलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाईला हाक मारावी, हो, मीच ती, असं ओरडून सांगावं, असं शंभरदा मनात आलं. पण दार आलं तरी जीभ काही उचलली नाही.

बाहेर पूल ओलांडल्यावर आईनं विचारलं,

“ते हात कुणाचे गं?”

“हातमोज्यांच्या दुकानात एक मुलगी आहे, तिचे. हातांपुरती दोन दिवस आली होती.”

“आई आहे तिला?”

“असेल.”

“मग येईल ती एखाद्या रविवारी,” आई म्हणाली. “नुसते हातच आहेत, पण ओळखील बघ.”